हलता तळ, बसता पत्ता

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीत, चुलत्यांच्या पडवीत खांबाला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. संध्याकाळचे साडेसात, म्हणजे लंडनमध्ये दुपारचे दोन. पडवीच्या या एकाच कोपऱ्यात रेंजच्या चार काड्या दिसतात, दोन हात आत सरकलं की एकच उरते. समोरच्या रानातली मका निघाली होती आणि त्या मोकळ्या रानात दिवस मावळायच्या आत मेंढरांचा वाडा उतरला होता. वाघरीचं जाळं ताणून कोकरं आत कोंडलेली, तीन दगडांच्या चुलीवर कालवण, बाजूला पाय बांधलेलं घोडं. त्या घोड्याच्या सामानावर एक वहीएवढं सोलर पॅनेल सुतळीनं बांधलेलं होतं.

माझा कॉल सुरू झाला तेव्हा मेंढक्याचाही फोन सुरू झाला. तो लासुर्ण्याच्या कुणा शेतकऱ्याशी बोलत होता. रान कधी मोकळं होणार, विहिरीला पाणी आहे का, शेजारच्याची तूर उभी आहे का, मेंढरं किती रात्री बसवायची, धान्य देणार की पैसे. मी लंडनच्या गिऱ्हाइकाशी बोलत होतो: मजकूर कधी मिळणार, तपासणार कोण, मुदत किती, बिल महिन्याला की कामागणिक. माझी तीन माणसांची कंपनी आहे. लोकांच्या अ‍ॅपमधल्या सूचना आम्ही मराठी-हिंदीत करून देतो. दोघांचेही फोन साधारण एकाच वेळी संपले. तंबाखू मळत तो पडवीपाशी आला आणि त्यानं विचारलं, "तुमचं हापिस कुठंय, पाव्हणं?"

"हेच," मी म्हणालो.

"मग आमच्यासारखंच की. फकस्त तुमची मेंढरं दिसत न्हाईत."

हे प्रकरण त्या न दिसणाऱ्या मेंढरांबद्दल आहे. इंटरनेटवर धंदा चालवत गावोगावी, देशोदेशी राहणाऱ्या माणसाला आता सगळे डिजिटल नोमॅड म्हणतात. नोमॅड म्हणजे भटका. शब्द पश्चिमेकडून आला, पण ज्या तालुक्यात फिरत्या धंद्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे तिथे बसून त्याच्याकडे पाहिलं तर त्या शब्दात जेवढा वारा भरलाय तेवढा तो हलका नाही, हे कळतं.

आधी शब्दाचं मूळ. १९९७ साली त्सुगिओ माकिमोतो हे जपानी सेमीकंडक्टर तज्ज्ञ आणि डेव्हिड मॅनर्स हे ब्रिटिश पत्रकार यांनी ‘डिजिटल नोमॅड’ याच नावाचं पुस्तक लिहिलं. यंत्रं लहान आणि संपर्काची जाळी वेगवान झाली की माणसाला एका जागी राहण्याची गरज उरणार नाही, असा त्यांचा होरा होता. पण त्याआधी १४ वर्षं एक माणूस ते करून बसला होता. स्टीव्हन रॉबर्ट्स हा अमेरिकन लेखक १९८३ मध्ये ओहायोतल्या कोलंबसहून रेलून चालवायच्या एका सायकलवर निघाला. सायकलवर सौरपट्टी, पिशवीत रेडिओ शॅकचा मॉडेल १०० हा वहीएवढा संगणक. दिवसा पॅडल मारायचं, संध्याकाळी लेख लिहायचा आणि रस्त्याकडेच्या सार्वजनिक टेलिफोनवरून कॉम्प्युसर्व्ह या सेवेमार्फत तो पाठवायचा. असा तो सुमारे १६,००० किलोमीटर फिरला.

रॉबर्ट्सची गोष्ट सांगताना लोक सायकल सांगतात, सौरपट्टी सांगतात. एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा गळते. कोलंबसमध्ये त्याचं एक छोटं ऑफिस होतं आणि तिथे एक मदतनीस बाई बसायच्या. संपादकांची पत्रं, मानधनाचे चेक, कागदपत्रं सगळं त्या सांभाळायच्या. तो फिरत होता, कारण त्या बसून होत्या.

निरवांगीच्या रानात उतरलेल्या वाड्याचंही तसंच. मेंढपाळाचं सगळं कुटुंब सहसा फिरत नाही. मागे गावी म्हातारी माणसं असतात, एखादा भाऊ दोन एकराला धरून असतो, शाळेतली पोरं आजीजवळ किंवा आश्रमशाळेत असतात. रेशनकार्ड, मतदार यादी, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला सगळं त्या मागच्या घराच्या पत्त्यावर. दसरा-दिवाळीनंतर इकडचे वाडे पश्चिमेकडे सरकतात, वरंध्यासारखे घाट उतरून कोकणात भातखाचरांवर जातात आणि वळवाचा पाऊस हेरून परत वर येतात. पावसाळ्यात माणदेश, बारामती-इंदापूरचा जिरायती पट्टा, फलटण-माळशिरसची माळरानं अशा कमी पावसाच्या बाजूला राहायचं, कारण ओल्या चिखलात मेंढराच्या खुराला रोग लागतो. म्हणजे ही भटकंती नाहीच, हे वेळापत्रक आहे.

आता धंदा बघू. मेंढपाळ विकतो काय? कोकरं, लोकर आणि खत. दख्खनी मेंढीची काळी, भरड लोकर एके काळी सनगरांकडे जायची आणि त्यातून घोंगडी व्हायची. आज घोंगडीला गिऱ्हाईक उरलं नाही, कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून सुटत नाही. लोकरीचा धंदा बसला तसा मांसाचा वाढला आणि कोकरू हाच मुख्य माल झाला. माडग्याळसारखी उंच, जड अंगाची मेंढी कळपात शिरली ती त्यामुळेच. बिझनेस स्कूलमध्ये याला लांबलचक नाव असेल. वाड्यावर त्यासाठी बैठक बसली नाही, लोणंदच्या बाजारात भाव काय फुटला एवढं पुरलं.

खताची गोष्ट मात्र खास आहे, कारण हा माल फिरल्याशिवाय विकताच येत नाही. शेकडो मेंढरं रात्रभर एका रानात बसवली की लेंडी आणि मूत जागच्या जागी जमिनीत जातं. वाहतूक नाही, पसरायची मजुरी नाही. शेतकरी त्याचे पैसे देतो किंवा धान्य देतो, कुठे दोन्ही, वर वाड्याला एखाद वेळचं जेवण. सकाळी मेंढरं उठली की त्याच दिवशी रोटाव्हेटर फिरवायचा, नाहीतर उन्हानं कस उडतो. साखरपट्ट्यात रासायनिक खतांनी हा धंदा मध्यंतरी मागे टाकला होता. पण नीरा डाव्या कालव्याचं पाणी या भागात १८८५ च्या सुमारापासून खेळतंय, उसाला पाटानं वारेमाप पाणी देऊन किती तरी रानं खारवट झाली. अशा रानाचा मालक आज स्वतः फोन करून वाडा बोलावतो.

इथे मला फरक दिसतो तो सांगतो. मेंढपाळाचा मुक्काम यजमानाच्या कामाचा असतो. तो जिथे झोपतो तिथली जमीन सकाळी कालच्यापेक्षा बरी असते. लॅपटॉपवाल्याच्या मुक्कामातून गावाला काय मिळतं? भाडं मिळतं, खानावळीचं बिल मिळतं. पण पगार लंडनचा आणि भाडं गावचं, असा माणूस एक आला तर पाहुणा असतो. पाचशे आले तर गावकऱ्यालाच घर मिळेनासं होतं. २०२०-२१ मध्ये शहरातून लॅपटॉप घेऊन गोव्यात उतरलेल्या मंडळींमुळे आसगाव-हणजूण भागात भाड्याची घरं स्थानिकांच्या हाताबाहेर गेल्याची तक्रार तिथे कुणाच्याही तोंडून ऐकायला मिळते. जुलै २०२५ मध्ये मेक्सिको सिटीत कोंदेसा-रोमा या वस्त्यांत याच कारणानं मोर्चे निघाले, दुकानांच्या काचा फुटल्या. मेंढपाळाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. उभ्या तुरीत एक मेंढरू शिरलं तर पुढच्या वर्षी त्या गावात रान मिळत नाही, हे त्याला बापानं शिकवलेलं असतं.

फिरत्यांनी आपापसांत स्पर्धा कशी आवरावी, याचंही उदाहरण याच तालुक्यात आहे. मानवशास्त्रज्ञ के. सी. मल्होत्रा आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०-८० च्या दशकांत महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला. त्यात तिरमल नंदीवाले आहेत. गुबुगुबु वाजवत मान हलवणारा नंदी घेऊन दारी येतात, तेच. इंदापूर तालुक्यातलं वडापुरी ही त्यांची एकत्र जमण्याची जागा. अभ्यासकांना तिथे आढळलं की कुठल्या कुटुंबानं कुठल्या गावांत फिरायचं हे वंशपरंपरेनं ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या गावात नंदी नेला तर जमातीपुढे तक्रार होते. वरून बेवारशी वाटणाऱ्या या फिरण्याच्या खाली गावांची वाटणी आहे. गिऱ्हाईक वाटून घेतलेलं आहे, म्हणून कुणाचंच पूर्ण कोरडं होत नाही. इंटरनेटवर काम मागणाऱ्यांची अशी वाटणी नाही. तिथे एकाच कामावर मनिला, नैरोबी आणि निरवांगी अशा तिन्ही ठिकाणांहून बोली लागते आणि भाव खाली खाली जातो. मी स्वतः पहिली दोन वर्षं त्या बाजारात काढली. नंतर चारच गिऱ्हाइकं धरली आणि त्यांच्या दारी वर्षानुवर्षं जाऊ लागलो, तेव्हा कुठे श्वास घेतला.

निरवांगीनं कामाचे आणखी दोन नमुने पाहिलेत. पहिला वालचंदनगर. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वसाहत उभी केली: क्वार्टर, शाळा, दवाखाना, बाजार. पुढे तिथे अवजड यंत्रं तयार होऊ लागली, इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरकेसिंगही तिथून गेल्या. आसपासच्या गावांतली एक अख्खी पिढी भोंग्यावर उठली, भोंग्यावर जेवली. काम जागेला बांधलेलं, आणि माणूस कामाला. पेन्शनीत निघालेले माझे एक नातलग अजून सकाळी त्याच वेळेला उठून अंगणात उभे राहतात, जायचं कुठेच नसतं.

दुसरा नमुना ऊसतोडीचा. दिवाळीनंतर वाडे पश्चिमेला सरकतात, त्याच दिवसांत बीड-नगरकडून टोळ्या भवानीनगर, इंदापूर, माळेगाव भागातल्या कारखान्यांवर येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. तेही घर सोडून येतात, पालात राहतात. पण कधी निघायचं, कुठे थांबायचं, भाव काय मागायचा, यातलं काहीच त्यांच्या हातात नसतं. म्हणून फिरणं हीच स्वातंत्र्याची खूण आहे, असं जे चकचकीत मासिकांत छापून येतं त्यावर माझा विश्वास नाही. ऊसतोड्यांच्या कोप्यांवर दोन तास बसून आलेल्या माणसानं ते वाक्य लिहून दाखवावं. फिरत्या उद्योजकाला मजुरापासून वेगळं करणारी गोष्ट म्हणजे पुढचा मुक्काम ठरवण्याचा अधिकार. उचलीवर जगणारा, एकाच गिऱ्हाइकाच्या आगाऊ पैशावर लटकलेला लॅपटॉपवाला बालीच्या किनाऱ्यावर बसला तरी मुकादमाच्याच टोळीत असतो.

सरकारांनी फिरत्यांकडे कसं पाहिलं, हा इतिहास फार उलटसुलट आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे त्याचा विस्तार होत गेला आणि पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का बसला. हजेरी लावल्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आणि आता? २०२० च्या जुलैत बार्बाडोसनं, ऑगस्टमध्ये एस्टोनियानं, २०२२ च्या ऑक्टोबरात पोर्तुगालनं फिरत्यांसाठी खास व्हिसा काढले. पोर्तुगालच्याच मदेइरा बेटावर पोंता दो सोल इथे फेब्रुवारी २०२१ मध्ये भटक्यांचं गावच उघडलं. आपल्याकडे सिक्कीममधल्या याकतेनला २०२५ मध्ये असाच मान मिळाला. भटका तोच. फरक बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात उत्पन्न किती, हा प्रश्न असतोच. मेंढपाळाला गावच्या शिवेवर पाटील विचारायचा तो प्रश्न निराळा असायचा: गेल्या साली कुणाच्या रानात होता?

भारतात कायद्यानं दार उघडलं ते ५ नोव्हेंबर २०२० ला. तोवर बीपीओ आणि तशा सेवा देणाऱ्या कंपन्यांना दूरसंचार खात्याकडे नोंदणी, बँक गॅरंटी, घरून काम करणाऱ्याच्या जागेच्या अटी असं बरंच काही होतं. त्या दिवशी निघालेल्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी बहुतेक अटी काढून टाकल्या आणि कुठूनही काम ही गोष्ट नियमात बसली. मार्च २०२० पासून सगळे तेच करत होते, कागद आठ महिन्यांनी आला.

गावातून काम करताना काय अडतं? इंटरनेट, हे उत्तर अर्धंच खरं. भारतनेटची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणायचं असं ठरलं. पण कुणी पाइपलाइनसाठी जेसीबी घातला की केबल तुटते आणि ती जोडायला येणारा माणूस चार गावं सांभाळत असतो. म्हणून दोन कंपन्यांची दोन सिमकार्डं. खरा घोळ लाइटचा. गावठाणाचा फिडर वेगळा झाल्यापासून बरं आहे, तरी वळवाचा पाऊस झाला की डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उडते आणि मग दोन दिवस अंधार. एकदा भर कॉलमध्ये लाइट गेली. समोरच्या गोऱ्या बाईंना मी सांगितलं, "डीपी गेली." त्या हळहळल्या. त्यांना वाटलं घरातलं कुणी वारलं.

त्यानंतर इन्व्हर्टर घेतला. त्याचं गणित सोपं आहे आणि कामाला येईल, म्हणून देतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे उरले ९००. इन्व्हर्टर स्वतः १५-२० टक्के खातो, हाती राहतात साधारण ७५०. लॅपटॉपला सरासरी ४० वॅट आणि राऊटरला १० धरले तर १५ तास निघतात. पंखा लावला की हे गणित कोसळतं. चुलतीनं त्यावर फ्रीज जोडला होता, तो दिवस मी इथे सांगत नाही.

वेळेचा प्रश्न याहून चिवट आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. तिथला माणूस सकाळी नऊला कॉलवर बसला की इथे साडेसात किंवा साडेसहा, म्हणजे धारेची आणि जेवणाची वेळ. गाव लवकर झोपतं आणि पडवीतला माणूस रात्री बारापर्यंत इंग्रजीत बोलत बसतो. आठ दिवसांत गावात चर्चा सुरू होते. यावर तोडगा म्हणजे कॉल कमी आणि लेखी काम जास्त. काय झालं, काय राहिलं, कुठे अडलं हे रोज संध्याकाळी पाच ओळींत लिहून टाकलं की समोरचा झोपेतून उठून वाचतो. मेंढपाळाचं उलटं आहे. त्याचा सगळा व्यवहार तोंडी, लिहिलेलं काही नाही, आणि तरीही दिलेल्या रात्री वाडा त्या रानात हजर असतो. दोन्हीकडे भांडवल एकच: शब्दाला माणूस पक्का आहे की नाही.

या मुलखात वेळ पाळून चालणारा एक मोठा तळ मात्र धंद्याचा नाही. सासवडहून निघणारी सोपानकाकांची पालखी दर आषाढात बारामती, लासुर्णे करत निरवांगीला मुक्कामी येते आणि पुढे नीरा ओलांडून अकलूजला जाते. त्या संध्याकाळी गाव दसपट होतं. दिंडीचा ट्रक पुढे येऊन जागा धरतो, राहुट्या ठोकतो, पाण्याचा टँकर लावतो. चालणारे पोचेपर्यंत पिठलं तयार. कुणाची राहुटी कुठे, कुणाच्या वाड्यात कुठली दिंडी जेवणार, हे दरवर्षी नव्यानं ठरत नाही. आमच्या पडवीत एका दिंडीतली तीच मंडळी माझ्या आजोबांपासून उतरतात. त्यांच्यातल्या एका म्हातारबाबांनी माझ्या लॅपटॉपचा चार्जर काढून आपला मोबाईल लावला, अगदी हक्कानं. त्यांचा हक्क माझ्यापेक्षा जुना होता, मी मुकाट्यानं बॅटरीवर काम केलं.

फिरत्या धंद्यात किती वाढायचं यालाही मर्यादा असते आणि ती नीरेपलीकडे फलटणला फार नीट दिसली. तिथे ब. वि. निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. त्यांनी आणि पुढे चंदा निंबकरांनी बंगालमधल्या गॅरोल मेंढीतलं, एका वेतात जास्त पिल्लं देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं. त्यातून ‘नारी सुवर्णा’ हा वाण झाला, जुळी देणारा. बसून मेंढी पाळणाऱ्याला याचा फायदा उघड आहे. पण दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालणाऱ्या वाड्याचा विचार करा. नुकतं झालेलं कोकरू पहिले काही दिवस चालू शकत नाही, ते घोड्यावरच्या जाळीत घालून न्यावं लागतं. जाळीत जागा ठरलेली आणि आईचं दूधही माळावरच्या चाऱ्यावर ठरलेलं. म्हणून चालणाऱ्याला दुपटीचा हिशोब कोकरं मोजून करता येत नाही, तो घोडी मोजून करावा लागतो. मी एका वर्षी उत्साहात तीन नवी कामं एकदम घेतली आणि त्याच महिन्यात दोन गावं बदलली. तिन्ही गिऱ्हाइकांचं काम उशिरा गेलं. चूक तिथलीच: जाळी न बघता कोकरं वाढवली.

आता पत्त्याकडे येतो. हा धंदा कागदोपत्री उभा करायचा ठरवला तेव्हा सगळ्यात जास्त फिरावं लागलं ते न फिरणाऱ्या एका गोष्टीसाठी. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशी गिऱ्हाइकाला दिलेली सेवा निर्यात धरली जाते. दरवर्षी हमीपत्र भरलं की तिच्यावर कर शून्य. पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद मात्र जपून ठेवायचा. वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर जगभरचं उत्पन्न इथल्या आयकरात धरलं जातं, कमी राहिलात तर नियम बदलतात. म्हणून देशाबाहेर फिरणाऱ्यानं पासपोर्टवरचे शिक्के पावत्यांइतकेच जपावेत. हे सगळं कळलं. पण नोंदणीच्या अर्जात एक रकाना होता: व्यवसायाचं मुख्य ठिकाण.

माझ्याकडे ठिकाणं भरपूर होती, मुख्य एकही नव्हतं. पुण्यातल्या भाड्याच्या घराचे मालक करारात धंद्याचा उल्लेख नको म्हणाले. शेवटी निरवांगीचं घर द्यायचं ठरवलं. त्याला लाइट बिल लागतं. बिल आजोबांच्या नावानं, ते जाऊन वीस वर्षं झालेली. मग ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढला. त्यावर घर चुलत्यांच्या नावानं, आडनावात एक काना जास्त. तो दुरुस्त करायला पुढच्या मासिक सभेपर्यंत थांबायचं. मग चुलत्यांचं संमतीपत्र, त्यांचं आधार, घरपट्टीची पावती. चुलते चष्मा लावून संमतीपत्र दोनदा वाचत बसले आणि त्यांनी विचारलं, "म्हंजे हितं दुकान टाकणार का तू?"

"नाही तात्या, फक्त पत्ता."

"पत्त्याला काय लागतंय? मी हायेच की हितं."

सही झाली. नियमाप्रमाणे नावाची आणि जीएसटी क्रमांकाची पाटी व्यवसायाच्या ठिकाणी लावावी लागते. ती पडवीच्या खांबाला लावली, बैलाचा जुना घुंगरपट्टा टांगायच्या खिळ्यावर. पोस्टमन आता माझी पत्रं तिथेच टाकतो, चुलती ती तांदळाच्या डब्यामागे ठेवते आणि करखात्याकडून काही आलं की चुलते पाकिटाचा फोटो काढून पाठवतात, बहुतेकदा उलटा.

वाडा तिसऱ्या दिवशी पहाटे हलला. आधी घोड्यावर सामान चढलं, त्यावर जाळीत चार कोकरं, त्यावर ते सोलर पॅनेल, तोंड पूर्वेला करून. मेंढक्यानं रानमालकाशी हिशोब मिटवला: दोन पोती धान्यापैकी एक आता न्यायचं, दुसरं परतीच्या वाटेवर, जेठ सरता सरता. पैसे फोनवर आले. त्यानं ते बघितले, बायकोला दाखवले, फोन कमरेला खोवला. मग माझ्याकडे येऊन नंबर मागितला. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, कोकणात त्याच्या पोराचा फॉर्म भरायचा असतो, तिथे कुणाला इंग्रजी येत नाही. नंबर सेव्ह करताना त्यानं नाव विचारलं नाही. ‘निरवांगी पडवी’ एवढंच लिहिलं.

नऊच्या सुमाराला ट्रॅक्टर आला आणि रानमालकानं रोटाव्हेटर सोडला.